चिनी नावांचे देवनागरी लेखन

पेकिंग आणि बीजिंग ही दोन्ही नावे मराठी वाचकाच्या परिचयाची आहेत. मध्यंतरी केव्हातरी चीनने आपल्या राजधानीचे नाव बदलले असावे, अशी त्यावरून पुष्कळांची समजूत होते. वस्तुतः बदलले ते रोमन अक्षरांतील लेखन. चिनी लिपीत हे नाव दोन चिन्हांनी लिहितात. पहिल्याचा अर्थ उत्तर, दुसऱ्याचा अर्थ राजधानी. नाव खरोखर बदलले होते ते १९२८ साली. राजधानी नानकिंगला, म्हणजे दक्षिण राजधानीला, गेली, तेव्हा उत्तरेकडील नगराला राजधानी म्हणणे विसंगत ठरले आणि त्याला 'पेइफिंग', म्हणजे उत्तरेची शांती, असे नाव देण्यात आले. १९४९ साली जुने नाव परत आले.

चिनी चिन्ह मुख्यतः अर्थ धारण करते. उच्चार प्रांतोप्रांती भिन्न असतो. त्यामुळे परक्या लिपीत लिहिताना उच्चार कोणता व कसा दाखवावा, हा प्रश्न उभा राहतो. थॉमस वेड या इंग्रज मुत्सद्द्याने एक पद्धती बसवली आणि हर्बर्ट जाइल्स याने १८९२ सालच्या आपल्या कोशात ती सुधारून वापरली. चिनी भाषेत प आणि फ, त आणि थ, क आणि ख असे अल्पप्राण-महाप्राण भेद महत्त्वाचे आहेत. वेडच्या पद्धतीत महाप्राण दाखवण्यासाठी अक्षरापुढे एक लहानशी खूण असे. छापताना ती खूण गळे, आणि तिच्याबरोबर भेदही नाहीसा होई. १९५८ साली चीनने 'फिनयिन' ही नवी पद्धती स्वीकारली. तीत अल्पप्राण 'प'साठी 'बी' आणि महाप्राण 'फ'साठी 'पी' हे अक्षर योजले आहे. १९७७ साली संयुक्त राष्ट्रांच्या भौगोलिक नावांविषयीच्या परिषदेने चिनी स्थलनामांसाठी ती मान्य केली.

मराठीची अडचण येथे सुरू होते. फिनयिनमधील 'बी' म्हणजे मराठी 'ब' नव्हे, आणि 'क्यू'चा 'क्व'शी काही संबंध नाही. त्याचा उच्चार 'छ'च्या जवळचा आहे. तरीही चीनचे शेवटचे राजघराणे 'छिंग' मराठीत 'क्विंग' म्हणून अवतरते. इंग्रजीला जे भेद दाखवण्यासाठी खुणा आणि करार लागतात, ते देवनागरीच्या वर्णमालेत मुळातच आहेत. बीजिंगचा चिनी उच्चार 'पेइचिंग' असा सहज लिहिता येतो; त्यातील 'च' हा 'चिंच'मधला. मराठीजवळ तर 'चांगला' या शब्दातला दंत्य 'च'ही आहे, आणि तो चिनी भाषेतही आहे. सुरांचे भेद मात्र देवनागरीतही दिसत नाहीत. शान्शी या नावाचे दोन शेजारी प्रांत केवळ सुराने वेगळे आहेत. म्हणून चिनी सरकारनेच एकाच्या रोमन लेखनात एक स्वर अधिक घातला.

पाठ्यपुस्तकांतून परिचित असलेला प्रवासी ह्युएनत्संग हाही रोमन लिपीच्या वाटेने आलेला पाहुणा आहे. त्याचे नाव 'श्युएनचांग' असे लिहिले आणि 'चांग' हे 'चांगला'प्रमाणे उच्चारले, तर ते आजच्या चिनी उच्चाराच्या पुष्कळ जवळ जाते. सातव्या शतकात तो पुलकेशीच्या राज्यात आला होता. महाराष्ट्र हे नाव त्याने अर्थ बाजूला ठेवून, केवळ ध्वनी जुळवून, चार चिन्हांत लिहिले. आज ती चिन्हे साधारणतः 'मो-ह-ला-छा' अशी वाचली जातात. परकी नावे ऐकून आपल्या लिपीत बसवण्याचे कष्ट त्याने घेतले होते.

भाषेच्या नावातही असाच प्रवास आहे. इंग्रजीतील 'मँडरिन' हा शब्द पोर्तुगीज आणि मलय भाषांतून मागे जात संस्कृत 'मंत्री'पर्यंत पोहोचतो. याच प्रमाणभाषेला चीनमध्ये 'फुथोंगह्वा', म्हणजे सर्वसामान्यांची भाषा, तैवानमध्ये 'क्वोयू', म्हणजे राष्ट्रभाषा, आणि सिंगापूरमध्ये 'ह्वायू' म्हणतात. भाषा बव्हंशी एक. नावांमागील राजकीय भूमिका निरनिराळ्या.

म्हणून उच्चार आणि नाव या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे अगत्याचे आहे. चिनी नगराचे चिनी नाव शुद्ध उच्चाराने लिहिणे हे सौजन्य आहे. परंतु तिबेटला 'शीचांग' म्हणणे, जसे चिनी सरकारच्या इंग्रजी प्रकाशनांत अलीकडे म्हटले जाते, ही केवळ उच्चाराची बाब नव्हे. २०१७ पासून चीनने अरुणाचल प्रदेशातील स्थळांसाठी चिनी नावांच्या याद्या काढल्या. पहिल्या यादीत सहा नावे होती. भारत सरकारने त्या याद्या फेटाळल्या. अशा नावाचे देवनागरी लेखन कितीही अचूक असले, तरी ते बातमीत मूळ नावाच्या जागी गेले, की लिहिणाऱ्याच्या नकळत एका दाव्याला मान्यता मिळते.

रूढ झालेली नावे मोडण्याचे कारण नाही. चीन, तिबेट, ल्हासा ही मराठीचीच झाली आहेत. नव्याने येणारी नावे मात्र रोमन अक्षरांवरून न उतरवता चिनी उच्चारावरून लिहावीत, आणि लिहिण्यापूर्वी ते नाव कोणी, कोणाच्या भूमीला दिले आहे, एवढे पाहून घ्यावे.