संरक्षण आणि दायित्व
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्या विषयावर एखाद्या विद्वान वकिलाने बोलावे, त्या विषयावर माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या निवृत्त शिक्षकाला आपण उभे केलेत, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. कायद्याचे पांडित्य माझ्यापाशी नाही. माझ्या हातून घडलेली एक चूक मला या विषयाकडे घेऊन आली. ती आपल्यापुढे मांडल्यावाचून हे भाषण प्रामाणिक होणार नाही.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याच ज्ञातीतील एका दांपत्याचा तंटा मिटविण्यासाठी जे पंच बसले, त्यांत मी होतो. गुरुजींचे अक्षर चांगले म्हणून फारकतीचा कागद मलाच लिहावयास सांगण्यात आला. ‘यापुढे मुलीचा पतीकडे अन्नवस्त्राचा अगर पोटगीचा कोणताही हक्क राहणार नाही,’ असे एक वाक्य त्यात मी लिहिले. मुलीच्या भावाने सही केली, मग मुलीने केली, आणि तंटा मिटला या समाधानात आम्ही चहा घेऊन उठलो. दीड वर्षाचे मूल कडेवर घेऊन ती दाराशी उभी होती. त्या मुलाच्या दुधाचे काय, असे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. पुढे तोच मुलगा माझ्या वर्गात आला. वही आणली नाही म्हणून मी त्याला उभे केले, तेव्हा मान खाली घालून तो म्हणाला, “आई म्हणते, पुढच्या महिन्यात घेऊ.” त्या क्षणी मला माझेच अक्षर आठवले.

बंधूंनो, मुसलमान समाजातील तलाकाचा विषय निघाला की आपल्या बैठकीत ‘त्यांच्यात असेच चालते’ असा शेरा हमखास येतो. पूर्वी मीही तो मारीत असे. उर्दू शाळेत शिक्षक असलेल्या माझ्या एका स्नेह्यांनी मला शांतपणे विचारले, “गुरुजी, आमचा कायदा प्रथम समजून तर घ्याल?” त्यांच्याकडून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

इस्लामी कायद्यात विवाह हा एक करार आहे. मेहेर ही पत्नीच्या हक्काची रक्कम होय. ती तिच्या पित्याची नव्हे की भावाची नव्हे. पत्नीच्या निर्वाहाचा खर्च, ज्याला ‘नफका’ म्हणतात, तो पतीने सोसावयाचा असतो. पत्नीजवळ स्वतःची मालमत्ता असली तरी ती तिचीच राहते. मुलांविषयीची व्यवस्था तर विचार करण्याजोगी आहे. लहान मुलांचा सांभाळ, म्हणजे ‘हिजानत’, हा आईचा हक्क. हनफी पंथाप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत व मुलगी वयात येईपर्यंत. पालकत्व मात्र पित्याचे, आणि मूल आईजवळ असतानाही त्याचा खर्च पित्याच्याच माथी. अधिकार ज्याचा, भारही त्याचाच, हे या व्यवस्थेचे मूळ सूत्र आहे.

मग अन्याय कोठे होतो? अधिकार वापरला जातो आणि भार टाकून दिला जातो, तेथे. इंदूरच्या शाहबानो यांचा विवाह १९३२ सालचा. त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर, १९७५ मध्ये, त्यांना घराबाहेर काढण्यात आले. १९७८ मध्ये त्यांनी पोटगीचा अर्ज केला. तो चालू असतानाच, स्वतः वकील असलेल्या पतीने तलाक दिला. दंडाधिकाऱ्यांनी दरमहा २५ रुपये ठरविले, उच्च न्यायालयाने १९८० मध्ये १७९ रुपये २० पैसे केले. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने पतीचे अपील फेटाळले. ज्या वादाने सारा देश ढवळून निघाला, तो मुळात एवढ्या रकमेचा होता!

त्यानंतर १९८६ चा कायदा आला आणि पतीची जबाबदारी इद्दतीपुरतीच, म्हणजे साधारणतः तीन महिन्यांपुरतीच, उरली असे पुष्कळांना वाटले. तथापि २००१ मध्ये डॅनियल लतीफी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा अर्थ स्पष्ट केला. तरतूद इद्दतीच्या मुदतीत करावयाची आहे, पण ती पुरली पाहिजे स्त्रीच्या पुढील आयुष्याला. १० जुलै २०२४ च्या निर्णयाने तर घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला सर्वसाधारण कायद्यानेही पोटगी मागता येते, हे निःसंदिग्ध झाले. बाहेरच्या मुस्लिम देशांतही विचार थांबलेला नाही. मोरोक्कोने २००४ च्या आपल्या कुटुंबसंहितेत संसार हा पती व पत्नी या दोघांच्या संयुक्त जबाबदारीचा ठरविला.

आता आपल्याकडे वळू. पोटगीचा हा सर्वसाधारण कायदा नवा नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम ४८८ होता, १९७३ च्या संहितेत कलम १२५ झाला, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ आहे. घटस्फोट झालेल्या व पुन्हा विवाह न केलेल्या स्त्रीचा समावेश १९७३ मध्ये झाला. कमाल पाचशे रुपयांची मर्यादा २००१ मध्ये उठली. हा कायदा अर्जदाराची जात विचारीत नाही, धर्म विचारीत नाही. ज्याची ऐपत आहे त्याने पत्नीला, मुलांना आणि निराधार मातापित्यांना पोसले पाहिजे, एवढेच तो सांगतो. हा भार पुत्रांवरच आहे असेही नाही. कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर कन्येच्या खटल्यात १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलीवरही पित्याच्या निर्वाहाचे दायित्व आहे, असा निर्णय दिला. इस्लामी कायदाही सुस्थितीतील अपत्यांवर गरीब मातापित्यांचा भार टाकतो. दोन वाटा, पण मुक्काम एकच!

या प्रकाशात माझ्या त्या कागदाची किंमत काय? ‘पोटगीचा हक्क सोडला’ असा करार सार्वजनिक हिताविरुद्ध असून तो स्त्रीच्या अर्जाच्या आड येत नाही, असे न्यायालयांनी वेळोवेळी म्हटले आहे. मुलाचा हक्क तर त्याचा स्वतःचा. तो आईने, मामाने वा पंचांनी सोडून देता येत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीप्रमाणे होणारी फारकत राखून ठेवली आहे खरी, परंतु ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. आणखी एक धोका पाहा. विवाह कायम असताना पतिपत्नी परस्परसंमतीने वेगळी राहत असतील, तर पत्नीला या कलमाखाली पोटगी मिळत नाही. रूढी सिद्ध झाली नाही, तर विवाह कायमच राहतो आणि आपण सहज लिहिलेले ‘परस्परसंमतीने’ हे शब्द त्या मुलीच्या मुळावर येऊ शकतात. हे आम्हां पंचांना ठाऊक नव्हते, आणि त्या मुलीला तर नव्हतेच. कायदा तिच्या बाजूचा होता. तिच्यापर्यंत पोहोचला तो आमचा कागद. ‘त्यांच्यात असेच चालते’ म्हणणारे आम्ही स्वतः निराळे काय केले?

म्हणून मंडळापुढे मी तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, मंडळाच्या कोणत्याही पंचाने पोटगी सोडल्याचे वाक्य यापुढे लिहू नये. दुसरी, समेट झाल्यास मुलांच्या खर्चाची रक्कम व ती देण्याची तारीख प्रथम लिहावी आणि मगच बाकीचे बोलावे. तिसरी, सही करण्यापूर्वी मुलीला तालुका विधी सेवा समितीकडे नेण्याची जबाबदारी मंडळाने घ्यावी. १९८७ च्या कायद्यान्वये स्त्रियांना व मुलांना, उत्पन्न कितीही असो, तेथे वकिलाची मदत विनामूल्य मिळते.

कोणी म्हणेल, अशाने तंटे मिटणार नाहीत, ते कोर्टात जातील. जातील, काही जातीलही. परंतु एकाच्या पदरी सारी मोकळीक आणि दुसऱ्याच्या कडेवर सारा भार, याला तंटा मिटणे म्हणता येणार नाही. आपण मुलीला सासरी पाठविताना तिच्या संरक्षणाची भाषा करतो. ती भाषा खरी असेल तर तिच्या मागोमाग दायित्वाची वही उघडली पाहिजे.

तो मुलगा आज कमावता आहे आणि आईला सांभाळतो आहे. पित्याने जे दिले नाही ते तो देतो आहे. त्याचे श्रेय त्या माउलीचे. आम्हां पंचांचे नव्हे. माझ्या हातचा तो कागद मला परत घेता येत नाही. निदान तसा दुसरा कागद या मंडळात लिहिला जाऊ नये, एवढीच माझी आपणांपाशी प्रार्थना आहे.