काळोखाचे छायाचित्र



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की, कॅमेऱ्यातल्या एका ठिपक्यावर तासभर बोलण्यासारखे काय आहे? पण बारामती-इंदापूरच्या परिसरात या ठिपक्यावर अनेकांचा चरितार्थ अवलंबून आहे. लग्नसराईत छायाचित्रकाराचा कॅमेरा आठ दिवस दुरुस्तीला गेला, तर त्याची वर्षाची घडी विसकटते. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. त्यांच्यासाठी मोठमोठे कॅमेरे घेऊन मंडळी लांबून येतात, आणि त्यांना नावेतून नेणाऱ्यांची चूल त्या हंगामावर पेटते. तेव्हा चित्रात दोष दिसला, तर तो नेमका कोठला, हे ओळखता येणे ही चैनीची गोष्ट नव्हे.

प्रथम यंत्राची रचना पाहू. जुन्या कॅमेऱ्यात फिल्म असे, आता तिच्या जागी सेन्सर नावाची सिलिकॉनची चकती असते. तिच्यावर अतिसूक्ष्म घरे आखलेली असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक घर आपल्यावर पडलेला प्रकाश विद्युतभाराच्या रूपाने साठवते आणि मग त्याचा हिशेब देते. विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली या जातीचे पहिले यंत्र कल्पिले. त्याबद्दल २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आजच्या साध्या कॅमेऱ्यातही अशी दोन कोटी चाळीस लाख घरे असतात. एवढ्या मोठ्या वस्तीत चार-दोन घरे बिघडलेली निघाली, तर नवल ते काय? ती कारखान्यातच हेरून त्यांची नोंद कॅमेऱ्याच्या स्मरणात केलेली असते. प्रश्न येतो तो पुढे नव्याने बिघडणाऱ्या घरांचा.

ही बिघडलेली घरे तीन प्रकारची. पहिले मेलेले: कितीही उजेड पडला तरी काळेच राहणारे. दुसरे अडकलेले: सदैव पूर्ण पेटलेले. तिसरे तापट. हे एरवी शहाण्यासारखे वागते, पण एक्स्पोजर लांबले किंवा यंत्र तापले की प्रकाश नसतानाही प्रकाश पडल्याचा खोटा हिशेब देते. प्रत्येक घरावर तांबडी, हिरवी किंवा निळी काच असल्यामुळे हा खोटा ठिपका बहुधा रंगीत दिसतो.

आता परीक्षा. तिला पैसा लागत नाही. लेन्सला झाकण घाला, आयएसओ ठरावीक ठेवा, आवाज कमी करणारी आपोआपची सोय बंद करा, आणि काळोखाचे चित्र घ्या. येथे आवाज म्हणजे चित्रातली रवाळ खरखर. आधी एक साठांश सेकंदाची तीन चित्रे, मग तीस सेकंदांची तीन. ती संगणकावर पूर्ण मोठी करून पाहा. तिन्ही चित्रांत ठिपका त्याच जागी असेल, तर तो सेन्सरचा. जागा बदलत असेल, तर ती नुसती खरखर. छोट्या एक्स्पोजरमध्येही दिसला तर अडकलेला, फक्त लांब एक्स्पोजरमध्ये दिसला तर तापट. मेलेल्यासाठी उलट करावे: सारख्या उजेडातला पांढरा कागद मुद्दाम अस्पष्ट करून टिपावा. त्यात टोकदार काळा बिंदू दिसला तर घर मेलेले. पसरट, मऊ कडांचा डाग दिसला तर ती धूळ. फुंकणीने हवा मारून पुन्हा चित्र घ्या, धूळ असेल तर डाग हलेल किंवा जाईल. लेन्स बदलूनही डाग तेथेच राहिला, तर लेन्स निर्दोष. आणि पडद्यावर चित्र सरकवताना ठिपका चित्राबरोबर सरकला नाही, तर दोष संगणकाच्या पडद्याचा, कॅमेऱ्याचा नव्हेच!

आपल्या हवेचा येथे विशेष संबंध आहे. सेन्सरमधला हा खोटा प्रवाह सुमारे सहा-सात अंशांनी तापमान वाढले की दुप्पट होतो. म्हणजे वीस अंशांवरचा कॅमेरा चाळीस अंशांवर गेला, तर तो प्रवाह जवळजवळ आठपट. म्हणून जानेवारीच्या पहाटे भिगवणला निर्मळ ठरलेला कॅमेरा मे महिन्याच्या मांडवात ठिपके दाखवू लागतो. जुना कॅमेरा विकत घेताना तो अर्धा तास चालवून, तापल्यावरच ही परीक्षा घ्यावी.

आपण एकटेच या फेऱ्यात आहोत असे नाही. हबल दुर्बिणीचे सेन्सर अतिशीत ठेवलेले असतात, तरी अंतराळातल्या किरणांच्या माऱ्याने त्यांत तापट घरे वाढत जातात. म्हणून सुमारे महिन्याकाठी ते मुद्दाम कोमट करून बरीचशी घरे बरी केली जातात. काळोखाचे चित्र घेऊन ते मूळ चित्रातून वजा करणे, हा खगोलशास्त्रज्ञांचा नित्याचा परिपाठ आहे. पुण्याच्या आयुकाच्या पुढाकाराने तयार झालेली सूर्याची दुर्बीण २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य एल-१ वरून गेली. तिच्या चित्रांनाही अशा शुद्धीवाचून गत्यंतर नाही.

उपाय कोणता? बारा इंची छापील चित्रात एक घर मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे येते, ते डोळ्याला दिसत नाही. तेथे चिंता नको. चलच्चित्रात मात्र नवरी हलते, मांडव सरकतो, ठिपका जागचा हलत नाही, आणि म्हणून तो खुपतो. पुष्कळ कॅमेऱ्यांत बिघडलेली घरे नव्याने नोंदवण्याची सोय असते, ती आधी वापरावी. उभी आख्खी ओळच बिघडली असेल, तर मात्र दुरुस्तीगृह गाठावे.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नोंदवलेल्या घराची किंमत कॅमेरा शेजारच्या घरांवरून ठरवतो. ती साक्ष नसते, तो अंदाज असतो. लग्नाच्या आल्बमात त्याने काही बिघडत नाही. पण दूरच्या पक्ष्याचा डोळा किंवा पायातल्या कड्याचा रंग ओळखून नोंद करायची असेल, तेव्हा एका चित्रावर निकाल देऊ नये. पक्षी चौकटीत वेगळ्या जागी येईल अशी दोन-तीन चित्रे घ्यावीत. पक्ष्याच्या अंगावरची खूण पक्ष्याबरोबर हलते, सेन्सरचा ठिपका हलत नाही. यंत्राला दोष देण्याआधी काळोखात त्याची जबानी घ्यावी, आणि ते निर्दोष ठरले तरी त्याच्या एकट्या शब्दावर विसंबू नये, एवढेच माझे सांगणे आहे.