मूळ पुरुषाचा शोध
(वार्षिक ज्ञातिमेळाव्यात ओझर येथे दिलेले व्याख्यान)



श्रीविघ्नेश्वराच्या या क्षेत्री दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारा जन्म प्राथमिक शाळेत मुलांकडून बाराखडी गिरवून घेण्यात गेला. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण करू नये. संघाने ज्ञातीतील घराण्यांचा कुलवृत्तांत छापण्याचे योजिले आहे. त्या निमित्ताने आमच्या मूळ पुरुषाचा शोध घेताना जे हाती लागले, ते निवेदन करावे एवढाच हेतू.

आमच्या घरी परंपरेने चालत आलेली कथा अशी. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि त्या विजयानंतर येथील देवळाच्या शिखरावर सोन्याचा कळस चढविला, असे सांगतात. आमचा मूळ पुरुष त्या फौजेत होता. कळसाबरोबर तो ओझरास आला आणि कुकडीकाठी कायमचा राहिला. बालपणी ही कथा ऐकताना आमची छाती फुगत असे. पुढे शाळेत मुलांनाही आम्ही ती मोठ्या अभिमानाने सांगितली.

निवृत्तीनंतर वंशावळ लिहावयास बसलो, तेव्हा पहिला खडा लागला. आमच्यापासून मागे मोजता मूळ पुरुषापर्यंत पाचच पिढ्या भरल्या. तो वसईच्या रणात असता तर निदान नऊ तरी भराव्या लागत्या. गणित शिकविणाऱ्या माणसाला ही वजाबाकी चुकविता येईना.

दुसरा खडा आमच्या थोरल्या आत्याबाईंनी घातला. त्या म्हणाल्या, "अरे, वडजचा खंडोबा हाकेच्या अंतरावर असताना आपल्या घरचं जावळ पारनेर तालुक्यात कोरठणच्या खंडोबाला का रे जातं?" या प्रश्नाचे उत्तर आम्हांपाशी नव्हते. घराणे गाव सोडते, पण कुलदैवत सोडीत नाही, हे आम्हांस त्या वेळी उमगले.

मग आम्ही कागदांकडे वळलो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात जन्मस्थान ओझर एवढेच निघाले. तहसील कचेरीतील जन्ममृत्यूच्या नोंदी मोडीत. म्हणून उतारवयात मोडीची बाराखडी आम्ही नव्याने गिरविली. शेवटी नाशिकास तीर्थोपाध्यायांच्या दारी गेलो. आपणांस ठाऊकच आहे की, गोदातीरी क्षौर, श्राद्ध, अस्थिविसर्जन यांसाठी येणाऱ्या यजमानाचे गाव, आडनाव, वाडवडील आणि भाऊबंद उपाध्ये आपल्या वहीत उतरवून घेतात. वहीची पाने उलटता उलटता आमच्या पणजोबांची नोंद सापडली. ते आपल्या वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते. नावापुढे हल्लीचा मुक्काम ओझर लिहिला होता आणि मूळ गाव पारनेर तालुक्यातील. दोन चुलत्यांची नावेही त्याच हाताने लिहिलेली होती.

त्या गावी आम्ही गेलो. ओट्यावर बसलेल्या वृद्ध गृहस्थांना नोंदीतील नावे वाचून दाखविली. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही दुष्काळात गेलेल्याचे." 1876 ते 1878 या काळात दख्खनवर पडलेल्या मोठ्या दुष्काळात तिघां भावांपैकी धाकटा, बायको आणि कडेवरचे मूल घेऊन पश्चिमेकडे पाण्याच्या दिशेने निघाला, तो परतला नाही. त्या घरी आजही पितृपक्षात परागंदा झालेल्या भावाच्या नावाने एक पान वाढतात. सज्जनहो, ते कडेवरचे मूल म्हणजे आमचे पणजोबा. ज्याला आम्ही कळसाबरोबर आलेला वीर मानीत होतो, तो उपाशी पोटी आला होता.

घरी येऊन हे सांगितले, तेव्हा धाकटे बंधू म्हणाले, "दादा, हे छापू नका. मुलींची लग्ने व्हावयाची आहेत." दोन रात्री आम्हांस झोप आली नाही.

या विवंचनेत आम्हांस आयर्लंडचे स्मरण झाले. त्या देशात 1845 पासून बटाट्याचे पीक रोगाने बुडाले आणि जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लक्ष माणसे दगावली. जवळजवळ तितकीच समुद्रापार गेली. आज त्यांचे वंशज अमेरिकेतून आपल्या आयरिश पूर्वजाचे गाव शोधीत फिरतात. त्यांचीही अडचण आपल्यासारखीच. परदेशच्या कागदांवर बहुधा देशाचेच नाव असते, गावाचे नसते; आणि एकाच नावाची माणसे परगण्या-परगण्यात आढळतात. त्यात 1922 च्या यादवीत डब्लिनचे सरकारी दफ्तर जळून जुनी शिरगणती बव्हंशी नष्ट झाली. मग ते चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आणि ग्रिफिथ साहेबाने 1847 ते 1864 या काळात प्रसिद्ध केलेली जमिनीच्या आकारणीची यादी चाळतात. सारा बसविण्यासाठी केलेला कागद असा पणज्याचे घर दाखवितो! अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचे पणजोबा त्याच दुष्काळाच्या काळात वेक्सफर्ड परगण्यातून निघालेले. 1963 च्या जूनमध्ये अध्यक्ष स्वतः त्या मूळ घरी जाऊन भाऊबंदांना भेटले. पणजोबा गरिबीत देश सोडून गेले, याची त्यांनी लाज बाळगली नाही. मग आम्ही ती का बाळगावी?

अलीकडे, 2023 नंतर, आपल्या महाराष्ट्रात दाखल्यांसाठी जुन्या नोंदी धुंडाळण्याची लाट आली. दाखला ज्याला हवा त्याने तो जरूर मिळवावा. परंतु दाखला हाती येताच शोध थांबवू नये, अशी आमची विनंती आहे. कागद पणज्याची जात सांगतो, तसे त्याचे दुःखही सांगतो.

कुलवृत्तांतासाठी आमची सूचना अशी. प्रत्येक घराण्याने प्रथम वृद्धांस विचारावे, विशेषतः घरातील स्त्रियांस. कुलदैवत, देवक आणि मूळ गाव लिहून ठेवावे. स्वतःपासून एकेक पिढी मागे जावे. मध्ये उडी मारू नये. केवळ आडनाव जुळले म्हणून भाऊबंदकी जोडू नये; गावही जुळले पाहिजे. आणि ऐकीव कथा व कागदातील नोंद ही दोन्ही वेगवेगळी छापावीत. कळसाची कथा आम्ही गाळलेली नाही. ती ऐकीव म्हणून दिली आहे आणि तिच्याखाली नाशिकची नोंद. बंधूंनीही अखेर संमती दिली. गेल्या पितृपक्षात तेच आमच्याबरोबर पारनेरास आले आणि त्या वाढलेल्या पानापुढे हात जोडून बसले.

अशी अनेक पाने आपल्या ज्ञातीच्या घराघरांत कोणाची तरी वाट पाहत असतील. ती ज्याची त्याला मिळावीत, अशी श्रीविघ्नेश्वरचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.