आधी जखम पाहू, मग वागणूक



स्वमग्न मुलांना बसणारे मानसिक आघात आणि त्यांवरचे उपचार हा विषय पेण आणि रोहा तालुक्यांतील विशेष शिक्षक, समुपदेशक, डॉक्टर आणि पालकांच्या या परिषदेसाठी मी अध्यक्ष म्हणून मुद्दाम निवडला आहे. या मुलांची वागणूक कशी बदलायची, यावर आपण पुष्कळ बोलतो. त्या वागण्यामागे एखादी जखम आहे का, हे मात्र क्वचितच विचारतो.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. पत्रे उडाले, विजेचे खांब कोसळले, गावंच्या गावं अंधारात गेली. त्यात लॉकडाऊन, शाळा बंद. त्या पावसाळ्यानंतर रोहा तालुक्यातली एक आई आपल्या स्वमग्न मुलाला घेऊन माझ्याकडे आली. आधी तो आपल्या हाताने जेवायचा. ते सुटलं होतं. वारा सुटला की तो पलंगाखाली शिरायचा, मनगट चावायचा आणि एकच म्हणायचा, "दादा, दार धर." घरच्यांना वाटे, ऐकलेलं घोकतोय. वादळात वडिलांनी थोरल्याला मारलेली ती हाक होती. घडलेलं सांगायला त्या मुलाकडे तेवढेच तीन शब्द होते, आणि तो ते रोज सांगत होता.

एकदा ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान झालं की पुढचं सगळं आपण त्याच खात्यावर मांडतो. झोप उडाली, ऑटिझम. डोकं आपटतो, ऑटिझम. येत असलेली गोष्ट विसरला, तरी ऑटिझमच. पण स्वमग्नता लहानपणापासून सोबत असते. एखाद्या महिन्यात मूल अचानक बदलत असेल, विशिष्ट माणूस किंवा खोली टाळत असेल, तर कारण शोधलंच पाहिजे. दातदुखी, कानदुखी, बद्धकोष्ठता, फिट्स हे तपासायचं आणि सोबतच आघाताचीही चौकशी करायची.

आघातोत्तर तणावविकाराच्या निदानाच्या एका प्रचलित निकषसंचात आघात म्हणजे मृत्यूची छाया, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार. 2020 मध्ये फ्रेया रम्बॉल, फ्रान्सिस्का हॅपे आणि निक ग्रे यांनी 59 स्वमग्न प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या निकषांत न बसणाऱ्या घटनांनंतरही आघातोत्तर तणावाची लक्षणं मोठ्या प्रमाणात दिसत होती. नमुना लहान आहे, पण इशारा स्पष्ट आहे. वर्गातली रोजची टिंगल, न सांगता बदललेली शाळा, मिरवणुकीत छातीत घुमणारा डीजे, केस कापताना चौघांनी दाबून धरणं हे आपल्याला किरकोळ वाटतं. त्या मुलाच्या लेखी ते जिवावरचं असू शकतं.

आता थोडं कठोर बोलतो. काही जखमा उपचारांच्या नावाखालीही होतात. "माझ्याकडे बघ" म्हणत हनुवटी धरून ठेवणं, हात हलवून जीव शांत करणाऱ्या मुलाचे हात दाबून धरणं, रडू थांबेपर्यंत कोंडणं हे बंद झालं पाहिजे. मोठ्यांचं सगळं मुकाट्याने ऐकायला शिकवलेलं मूल अत्याचार करणाऱ्याचंही ऐकतं. म्हणून "नाही" हा शब्द, खूण किंवा चित्र प्रत्येक मुलाला शिकवणं हा संरक्षणाचा पहिला धडा आहे.

उपचाराची सुरुवात सुरक्षिततेपासून होते. त्रास देणारी गोष्ट चालूच असेल तर कोणतीही थेरपी नीट लागू पडणं कठीण असतं. दिवसाचा क्रम चित्रांतून दाखवा, बदल आधी सांगा, शांत कोपरा द्या. भावनेचं नाव सांगता येत नसेल, तर शरीर कुठे दुखतं, छाती धडधडते का, हे चित्रावर दाखवू द्या. गणेशमूर्ती घडवणाऱ्या पेणला शाडूच्या मातीची कमतरता नाही; ज्याला बोलता येत नाही तो मातीत मन मोकळं करू शकतो. आघातकेंद्री वर्तनोपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारा आघातोपचार) या पद्धती स्वमग्न व्यक्तींसाठी बदल करून वापरल्या जातात. नेदरलँड्समध्ये स्वमग्न प्रौढांवरील ईएमडीआरचा आश्वासक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. या दोन्ही पद्धती प्रशिक्षित हातांनीच, सावकाश आणि मुलाच्या कलाने वापरल्या जाव्यात.

कायदा आपल्या बाजूने आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा स्वतंत्र उल्लेख आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 26 आणि 38 नुसार दिव्यांग बालकाचा जबाब किंवा साक्ष नोंदवताना विशेष शिक्षकाची मदत घेता येते. त्यासाठी पेण आणि रोहा पोलीस ठाण्यांना आपली नावं ठाऊक हवीत. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे दोन्ही तालुक्यांतील या कामाला तयार असलेल्या शिक्षकांची यादी द्यावी, असा ठराव या परिषदेने करावा, अशी माझी विनंती आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं. आपल्या शाळेतलं एकही पात्र मूल त्यापासून वंचित राहू नये.

आणि प्रत्येक मुलाच्या फाईलमध्ये एक पान वाढवा. बदल कधीपासून झाला, त्याआधी घरात, शाळेत, गावात काय घडलं, मूल तेव्हापासून कोणते शब्द किंवा कृती पुन्हा पुन्हा करतं, हे आईवडिलांना विचारून लिहा. याला पैसा लागत नाही, मोठ्या शहरातला तज्ज्ञही लागत नाही. ते पान भरल्याशिवाय वागणूक सुधारण्याचा कोणताही कार्यक्रम सुरू करायचा नाही, एवढं आज ठरवू या.