गाण्यांचे एक वर्ष



एखादे वर्ष दुष्काळामुळे ध्यानात राहते, एखादे महापुरामुळे. १९५५ हे वर्ष मराठी माणसाच्या ध्यानात राहिले ते गाण्यांमुळे. त्याची हकीकत आज आम्ही तुम्हांला सांगणार आहोत.

पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. तिथे सीताकांत लाड नावाचे अधिकारी होते. वर्षभर चालेल असे काही तरी लोकांना ऐकवावे, असे त्यांच्या मनात होते. त्यांनी कवी ग. दि. माडगूळकर यांना गाठले. माडगूळकरांनी रामाची कथा गाण्यांतून सांगायचे ठरवले. चाली लावायचे काम सुधीर फडके यांनी घेतले. हेच ते गीतरामायण.

१ एप्रिल १९५५ ला रामनवमी होती. त्या दिवशी पहिले गाणे लागले. मग दर आठवड्याला एक नवे गाणे. त्या वर्षी अधिक महिना आला, म्हणून गाणीही वाढली. १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला शेवटचे गाणे झाले. एकूण गाणी छप्पन्न.

त्या काळी रेडिओ फार थोड्या घरांत असे. एका रेडिओभोवती सारी आळी जमायची. कुणी रेडिओला हार घालत, कुणी उदबत्ती लावत.

आता तुम्ही विचाराल, रामाची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक. मग एवढे नवल कसले? नवल असे की, ह्या गाण्यांत जो तो आपले मन आपणच बोलतो. कधी कौसल्या बोलते, कधी दशरथ, कधी सीता, कधी भरत. शब्दही कीर्तनात आणि भजनात कानांवरून गेलेले. त्यामुळे शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसालाही ते समजत.

पण गाणे लागायचे आणि संपायचे. आजच्यासारखा मोबाईल नव्हता, की हवे तेव्हा पुन्हा लावावे. मग ते ठेवायचे कसे? वर्तमानपत्रे दर आठवड्याला नवे गाणे छापू लागली. पण छापलेले वाचणार किती जण? १९५१ च्या शिरगणतीत आपल्या देशात शंभरात अठराच माणसांना लिहिता-वाचता येत होते. बाकीच्यांनी कानाने ऐकावे आणि ध्यानात राहील तेवढे गुणगुणावे.

काही वडीलधारी माणसे म्हणतात, "अक्षरे आली की पाठांतर जाते. आमच्या आजीला कुठे वाचता येत होते? तरी शेकडो ओव्या तोंडपाठ!" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. गीतरामायणाचीच एक गोष्ट सांगतात. पहिल्या गाण्याचा कागद ऐन वेळी सापडेना. तेव्हा माडगूळकरांना एका खोलीत बसवले आणि बाहेरून कडी घातली. त्यांनी थोड्याच वेळात ते गाणे पुन्हा लिहून दिले. कागद हरवला, तरी गाणे डोक्यात होते.

हे खरे. पण पुढचे ऐका. १९५७ साली ही सारी गाणी पुस्तकात छापली गेली. त्यामुळे ती आपल्यापर्यंत जशीच्या तशी आली. गुजराती, कन्नड, हिंदी अशा भाषांतही गेली. माडगूळकर १९७७ साली वारले, फडके २००२ साली गेले. गाणी मात्र आजही घरोघर ऐकू येतात. माणूस जातो, त्याच्याबरोबर त्याचे पाठांतर जाते. लिहिलेले मागे राहते. म्हणून डोकेही हवे आणि कागदही हवा.

आता आजीच्या त्या ओव्यांचे पाहा. जात्यावर बसून ज्या आयाबायांनी त्या रचल्या, त्यांची नावेसुद्धा कुणाला ठाऊक नाहीत. घरात जाते राहिले नाही, तशा ओव्याही तोंडातून जाऊ लागल्या. आजी गेली की तिच्या ओव्या कुणाला विचारायच्या?

तुम्हांला आता लिहिता येते. आज घरी जा. आईला, सासूला, आजीला म्हणा, "एक ओवी सांग." ती सांगेल तशी उतरून घ्या. अक्षर वाकडे आले तरी चालेल. खाली तिचे नाव लिहा आणि तिलाच वाचून दाखवा.

उद्या वर्गाला येताना वही बरोबर आणा. पहिली ओवी कुणाची, ते आपण पाहू.