गेटिसबर्गची रणभूमि

अमेरिकेंतील यादवी युद्धांत, जुलै १८६३ मध्यें, गेटिसबर्ग येथें तीन दिवसांत सुमारें ५१,००० सैनिक मृत, जखमी, बंदी वा बेपत्ता झाले. थोड्याच दिवसांत जॉन बॅचेल्डर नामक चित्रकार तेथें पोंचला. कोणती पलटण कोठें लढली, हें जखमींना विचारून त्यानें नकाशा सिद्ध केला. तरीहि दक्षिणेचा अखेरचा हल्ला कां फसला, हें तेथील मैलभर उघडीं शेतें पाहिल्यावांचून उमगत नाहीं. १८९३ मध्यें एक कंपनी त्याच भूमीवरून विजेची ट्राम नेऊं लागली. खडक सुरुंगानें फुटूं लागले! स्मृतिरक्षणार्थ सरकारास जमीन संपादन करतां येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १८९६ सालीं दिला. माझ्या मतें तो तेथील कोणत्याहि पुतळ्याहून मोलाचा. १९७४ सालीं लगत उभा राहिलेला खाजगी मनोरा अखेर ३ जुलै २००० रोजीं पाडण्यांत आला.