परदेशी मदत, राज्य शासन आणि आपले गाव
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे कोरडवाहू शेतीतील ओलावा व्यवस्थापन हा विषय छापला आहे. त्यातलाच एक भाग मी आज थोड्या वेगळ्या बाजूने सांगणार आहे. बांध कसा घालावा, चर किती खोल खणावा, हे आपण अनेक वेळा ऐकले आहे. मात्र त्या बांधाचा पैसा कुठून येतो, तो कोणत्या अटीवर येतो आणि पैसा देणारा निघून गेल्यावर त्या बांधाचे काय होते, हे आपण सहसा विचारत नाही.

माझ्या आजोळी ओढ्यावर एक सिमेंटचा बंधारा आहे. मी शाळेत असताना तो झाला. शेजारी फलक होता, त्यावर राज्य शासनाचे नाव होते आणि खाली एका परदेशी संस्थेचे. मी पदवीला गेलो तोवर बंधारा गाळाने निम्मा भरला होता आणि दारांच्या फळ्या कोणी तरी नेल्या होत्या. मामांना मी विचारले, गाळ का काढत नाही? ते म्हणाले, "बंधारा आपला थोडाच आहे, त्यांचा आहे." बंधाऱ्याचे बांधकाम मी नंतर मुद्दाम पाहिले. त्यात काही खोट नव्हती.

आता हा पैसा येतो कसा ते पाहू. कोणतेही राज्य शासन परदेशी सरकारशी किंवा बँकेशी परस्पर करार करून पैसा आणू शकत नाही. तो केंद्रीय अर्थ मंत्रालयामार्फत येतो. तो दोन प्रकारचा असतो, अनुदान आणि कर्ज. अनुदान परत करावयाचे नसते. कर्ज परत करावे लागते, आणि २००५ नंतर बहुतेक राज्यांना असे परदेशी कर्ज मूळ अटींवरच मिळते. म्हणजे व्याज राज्याचे आणि रुपया घसरला तर तो तोटाही राज्याचा. फलकावर दोन्ही प्रकारांना "साहाय्य" असेच लिहिलेले असते, म्हणून आपणच विचारून घेणे जरूरीचे आहे.

अनुदानाचे आपल्या राज्यातील सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण म्हणजे भारत-जर्मन पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम. याची कल्पना मांडणारे फादर हर्मन बाखर हे मूळचे स्वित्झर्लंडचे. ते १९४८ साली भारतात आले आणि त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) शेतकऱ्यांत काढली. विहिरी खणून द्या, इंजिने द्या, हे सगळे त्यांनी करून पाहिले होते. विहीर खणली तरी वरून पाणी मुरत नसेल तर ती कोरडीच पडते, हा त्यांचा अनुभव. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनी आणि भारत या दोन सरकारांत बोलणी झाली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात काम सुरू झाले.

यात कोणाचे काम काय होते ते नीट लक्षात घ्या. पैसा जर्मनीच्या केएफडब्ल्यू या बँकेचा. ही बँक १९४८ साली युद्धात उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीच्या पुनर्बांधणीसाठीच काढलेली होती, आणि तिचे पहिले मोठे भांडवल अमेरिकेच्या मदतीतून आले होते. म्हणजे आज देणारा हा एके काळी घेणारा होता! प्रशिक्षणासाठी जीटीझेड ही दुसरी जर्मन संस्था होती, जी २०११ पासून जीआयझेड या संस्थेत विलीन आहे. आपल्याकडे पैशाचा कारभार नाबार्डकडे. गावाची तयारी करून घेण्यासाठी १९९३ साली वॉटर ही संस्था स्थापन झाली आणि गावोगावच्या लहान सेवाभावी संस्था तिच्याशी जोडल्या गेल्या. राज्य शासनाचा वाटा दुरून लहान दिसतो, पण तो नसता तर काहीच झाले नसते. पाणलोटाचा माथा बहुतेक ठिकाणी वनखात्याच्या हद्दीत असतो. गावाला तिथे चर खणू दिले नाहीत तर खालचे सगळे बांध पहिल्याच मोठ्या पावसात फुटतात. १९९२ साली शासनाने संयुक्त वन व्यवस्थापनाचा निर्णय घेतला, त्याने गावकऱ्यांना वनजमिनीवर पाय ठेवायला वाट झाली.

आणि चौथा पक्ष म्हणजे गाव. गावाने अर्ज करावयाचा, पण अर्ज केला म्हणजे गाव निवडले गेले असे नव्हते. पाणलोटाच्या वरच्या भागातले, कोरडवाहू, धूप झालेले, जमीनधारणेत फार मोठी तफावत नसलेले असे गाव लागे. शिवाय ग्रामसभेत ठराव करून काही गोष्टी मान्य कराव्या लागत. कुऱ्हाडबंदी, मोकाट चराईबंदी आणि जास्त पाणी पिणारी पिके न घेणे. अकुशल मजुरीच्या सुमारे १६ टक्के वाटा श्रमदानाने द्यावयाचा. भूमिहीन आणि एकट्या बाईच्या कुटुंबाला त्यातून सूट होती. आधी काही दिवस श्रमदान करून दाखवा, मग पुढचे बोलू, अशी रीत होती. त्यानंतर एका लहान क्षेत्रावर गावाने वर्ष-दीड वर्ष काम करून दाखवायचे, म्हणजे क्षमता बांधणीचा टप्पा, आणि त्यात उतरल्यावरच पूर्ण मंजुरी. मोठ्या रकमेचे खाते गावाची पाणलोट समिती आणि संस्था यांच्या संयुक्त सहीने चाले. गावच्या माणसाची सही झाल्याशिवाय पैसा हलत नसे. माझ्या मते सगळ्या कार्यक्रमाचा कणा हाच आहे.

आता माझ्या विषयाकडे येतो. पूर्वी शासनाने समपातळी बांधबंदिस्तीची कामे मोठ्या प्रमाणावर केली. तांत्रिकदृष्ट्या समपातळी रेषा बरोबर होती, पण ती चार शेतकऱ्यांच्या वावरांतून तिरकी जाई. एकाच्या तुकड्याचे दोन होत, नांगर वळवायला जागा राहत नसे, आणि दोन-तीन वर्षांत लोकांनी बांध नांगरून टाकले. लोकांना अडाणी म्हणणारे अधिकारी मी पाहिले आहेत, पण त्या जागी मीही बांध मोडला असता. या कार्यक्रमात गटनिहाय नियोजन ही पद्धत आणली. तंत्रज्ञ, शेतकरी आणि त्याची घरधनीण तिघे मिळून एकेका गटात फिरत. उतार किती, मातीची खोली किती, पाणी कुठून शिरते, सध्या काय पेरता, पुढे काय पेरावेसे वाटते, हे तिथेच ठरे. हलक्या, उथळ जमिनीत समतल चर आणि गवत किंवा झाडे, मध्यम जमिनीत हद्दीच्या बांधाला मजबुती आणि सांडवा, ओघळीत अनघड दगडांचे बांध, आणि हे सगळे माथ्यापासून पायथ्याकडे. नाला बांध सर्वांत शेवटी. पुढारी मंडळींना नाला बांध सर्वांत आधी हवा असतो, कारण त्याचे उद्घाटन करता येते. समतल चराचे उद्घाटन कोण करणार?

संगमनेर तालुक्यातील दरेवाडीचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. पर्जन्यछायेतले गाव, उन्हाळ्यात टँकरवर जगणारे. तिथे १९९६ ते २००१ या काळात हे काम झाले. आधी शेतीत वर्षाकाठी तीन-चार महिनेच काम मिळे, नंतर ते नऊ-दहा महिन्यांवर गेले, असे या गावावरील आंतरराष्ट्रीय अहवालात नोंदलेले आहे. मजुरीसाठी गाव सोडणे कमी झाले. हे यश मोठे आहे.

पण याची किंमत कोणी दिली, हेही सांगितले पाहिजे. चराईबंदी झाली की पहिला फटका बसतो मेंढपाळाला आणि ज्याच्याकडे जमीन नाही पण चार शेळ्या आहेत त्याला. बागायतदाराची गाय गोठ्यात उभी राहू शकते, तिला कडबा घरचा. शेळीवाल्या बाईने काय करायचे? गवत कापून डोक्यावर आणायचे, म्हणजे तिचे काम दुप्पट. पाणी मुरते ते माथ्यावर, तिच्या शेळ्यांच्या कुरणात, आणि चढते ते पायथ्याच्या विहिरीत, जी तिची नाही. काही गावांनी गायरान एकदम बंद न करता भागाभागाने बंद केले, गवत वाढल्यावर कापून नेण्याची मुभा दिली, तेथे भांडणे कमी झाली. जेथे ठराव घाईने झाला तेथे रात्री कळप आत शिरले. ग्रामसभेत हात वर करणाऱ्यांची संख्या मोजण्याआधी कोण सभेला आलेच नाही ते पाहावे.

दुसरी अडचण पैसा संपल्यावर सुरू होते, आणि तीच आज मला जास्त काळजीची वाटते. विहिरींना पाणी आले की नवीन विहिरी होतात, मग बोअर, मग कांदा, मग कोणी तरी ऊस लावतो. करारातील अट कार्यक्रमापुरती असते, आणि परदेशी संस्था काही कायमचा चौकीदार ठेवत नाही. आपण साधा हिशेब करू. हजार हेक्टरचे पाणलोट आणि ५०० मिलिमीटर पाऊस धरा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १० हजार लिटर, म्हणजे एकूण ५० लाख घनमीटर पाणी पडले. आपल्या काळ्या पाषाणात ढोबळमानाने त्याचा दहावा हिस्सा भूजलात जातो असे धरू, म्हणजे ५ लाख घनमीटर. हजार माणसांना दररोज माणशी ५५ लिटर दिले तर वर्षाला सुमारे २० हजार घनमीटर लागतात, जनावरांचे वेगळे. उरलेल्या पाण्यावर हरभऱ्याला दोन पाणी द्यायची तर हेक्टरी दीड हजार घनमीटर पुरतात आणि सुमारे ३०० हेक्टर भिजते. उसाला पावसाचा वाटा वजा जाता हेक्टरी २० हजार धरले तर त्याच पाण्यात २०-२२ हेक्टरच. चरांमुळे मुरणे वाढेल, तरी हे प्रमाण उलटत नाही. दहा-बारा शेतकऱ्यांनी ऊस लावला की सगळ्या गावाचे श्रमदान त्यांच्या पाटात गेले.

हिवरे बाजारने हे ओळखले. ते गाव जर्मन मदतीतले नव्हे, राज्याच्या आदर्श गाव योजनेतले. पण तिथे शेतीसाठी बोअर घ्यायची नाही हा नियम गावाने स्वतः ठेवला आणि पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीची पिके ठरवली. तो नियम कोणा देणगीदाराचा नव्हता, म्हणून कार्यक्रमाबरोबर संपला नाही.

जर्मन कार्यक्रमाचा नमुना पाहून केंद्र शासन आणि नाबार्डने प्रत्येकी १०० कोटी रुपये घालून पाणलोट विकास निधी उभारला आणि तीच पद्धत इतर राज्यांत नेली. मदतीचा असा शेवट मला आवडतो. आता मात्र मोठे प्रकल्प बहुतेक कर्जाचे असतात. मराठवाडा-विदर्भात २०१८ साली सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आपणास माहीत आहे. पहिल्या टप्प्यात पाच हजारांहून अधिक गावे होती आणि खर्चाचा सुमारे ७० टक्के भाग जागतिक बँकेच्या कर्जातून होता. त्यात वैयक्तिक लाभ थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात आला, ही सोय चांगली. पण ठिबक, शेततळे, शेडनेट यांसाठी अर्ज करणारे पुष्कळ आणि माथ्यावरच्या चरांसाठी भांडणारा कोणी नाही, असे चित्र मला काही गावांत दिसले. शेततळ्याला प्लॅस्टिक अंथरून त्यात विहिरीचेच पाणी उपसून साठवणे, याला मी जलसंधारण म्हणत नाही. रागावू नका, आपल्यातही काहींनी ते केले असेल.

तेव्हा उद्या तुमच्या गावी अशा भागीदारीचा प्रकल्प आला तर स्वागत जरूर करा, पण ग्रामसभेत उभे राहून विचारा. हे अनुदान की कर्ज? खाते कोणाच्या सहीने चालणार? गावाचा आराखडा आधी होणार की कामांची यादी वरून येणार? माथ्यावरच्या वनजमिनीची परवानगी लेखी मिळाली आहे काय? गायरान बंद केले तर शेळ्या-मेंढ्यांसाठी काय सोय? देखभालीचा निधी कोठे ठेवणार आणि प्रकल्प संपल्यावर तो कोणाच्या नावावर राहणार? उत्तरे मराठीत, लेखी मागा. प्रकल्पाचा करार इंग्रजीत आहे, असे उत्तर मिळाले तर त्याचा मराठी सारांश मागण्यात संकोच नको.

आणि एक काम प्रकल्पाची वाट न पाहता करता येते. गावातील पाच-सहा विहिरी निवडा, एक माथ्याकडची, एक पायथ्याची, बाकी मधल्या. पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरात, नंतर जानेवारीत आणि मे महिन्यात काठापासून पाणी किती खोल आहे ते दोरी सोडून मोजा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तारखेसह लिहा. मोजणी सकाळी, पंप सुरू होण्यापूर्वी करावी. त्याच फळ्यावर त्या वर्षीचा पाऊस लिहा. शाळेतील मुले हे काम हौसेने करतात. तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की त्या घेऊन विद्यापीठात या, रब्बीचे पीक नियोजन आपण त्यांवरून बसून करू.